एकतीस-ब

मी टेपा उतरवते. तासाला अठरा डॉलर.
खिडकीबाहेर लुइझियानाचं शेवाळी पाणी,
त्यात कुणाची तरी कायमची बंद पडलेली बोट.
डॉक्टर ओदील रोबिशो यांचा नियम साधा:
दोन सेकंदांहून लांब शांतता असेल
तर कंसात लिहायचं, विराम.
खोकला लिहायचा. हसू लिहायचं.
रडणं नाही लिहायचं. आवाज बदलला, असं लिहायचं,
कारण रडणं हा ऐकणाऱ्याचा अंदाज असतो.

नावं नसतात. मुलं अ, आईबाप ब.
एकतीस-अ म्हणाली होती:
"मी आठ दिवसांची होते तेव्हा बाबांनी बोटीला माझं नाव दिलं.
जुनं नाव. मुलाचं.
बोटीचं नाव बदललं तर समुद्र डूख धरतो, म्हणतात ते.
माझं बदललं तेव्हा कुणी धरला, विचारा त्यांना."
(हसू. विराम.)
तिची झोप साडेचार तास.
रक्तदाब पन्नाशीतल्या बाईचा. वय सव्वीस.

मग एकतीस-ब.
मागे फ्रिजची घरघर, कपात चमचा.
"गेल्या नाताळात तो घरी आला होता..."
नऊ सेकंद. मी घड्याळ लावून मोजले.
"...आली होती."
डॉक्टरांना विचारलं, चूक गाळू का?
वाक्य स्वच्छ होईल.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
"दोन्ही ठेव. मधले नऊ सेकंदही.
माझा सगळा अभ्यास त्या नऊ सेकंदांचा आहे."
आणि लगेच, जरा ओशाळून,
"हे कुठे लिहू नकोस."

प्रश्न सतरावा: मुलीला किती स्वीकारलंत, एक ते पाच?
"बाई, मला कोळंबी मोजता येते. पौंडात.
हे कशात मोजू?"
त्याचा सतरावा अजून कोरा आहे.

सप्टेंबरात वादळ आलं.
वादळाला बाईचं नाव दिलं होतं,
त्यावर गावात कुणाची हरकत नव्हती.
वीज गेली. मागच्या खोलीत फ्रीझर,
फ्रीझरमध्ये एकशे बारा जणांची लाळ,
सकाळी डोळे उघडताच कापसात टिपून दिलेली,
काळजी अंगात किती मुरली ते बघायला.
मध्यरात्री जनरेटर धापा टाकत बसला.
डॉक्टरांनी फोन लावले: चर्च, शाळा, मासळीचा धक्का.
बर्फ हवाय, एवढंच सांगितलं.

अडीचला ट्रक आला.
गुडघ्यापर्यंत पांढरे रबरी बूट, वाकलेली पाठ.
"कुठे ठेवू?"
दोन शब्द. पण तीन दिवस तो आवाज
मी कानात घेऊन बसले होते,
मागे नेत, पुढे नेत, पुन्हा मागे.
"आत, डावीकडे," मी म्हटलं.
ओळख दाखवायची नाही, तशी सही केलेली आहे माझी.

चार पेट्या.
तिघींवर बोटीचं नाव, निळ्या रंगात.
चौथीवरचं खरवडलेलं,
सुरीनेच बहुधा, घाईत किंवा रागात,
की हळूच, सांगता येत नाही खुणांवरून.
नवं काही लिहिलेलं नव्हतं.

फावड्याने बर्फ ओतला त्याने. वर जाडं मीठ पसरलं,
"गारवा धरून ठेवतं," म्हणाला.
खोलीभर कोळंबीचा वास.
तिसऱ्या खणात, अगदी तळाशी,
एकतीस-अ च्या सहा नळ्या.
त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

"आहे काय ह्यात?" जाता जाता विचारलं.
"लोकांची लाळ."
मला वाटलं, हसेल.
(विराम.)
तो मागे वळला,
झाकण दोन्ही तळव्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं,
एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत,
नीट बसलंय ना.